उंदराला हवं तरी काय? नेरच्या गोदामांमागचे किस्से

कृषी केंद्राच्या काउंटरवर उंदराचं औषध मागायला आलेल्या माणसाचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं आहे. "लय झाले भाऊ, काहीतरी जालीम द्या." दुकानदाराचा हात मागच्या फळीवर जातो, पाकीट पुढे सरकतं, पैसे गल्ल्यात पडतात. पुढची माहिती पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. मला सांगायचंय ते काउंटरच्या मागचं. दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर खताच्या पोत्यांवर बसून मालक, हमाल, सेल्समन आणि शेजारचे किराणावाले एकमेकांना जे सांगतात, ते.

नेर, म्हणजे नेर परसोपंत, हे अमरावतीहून यवतमाळला जाताना लागणारं तालुक्याचं गाव. कापूस, सोयाबीन, तूर आणि हरभऱ्याचा हा मुलूख. सुगी संपली की माल शेतातून उठून घरात, ओसरीवर, गोदामात येऊन बसतो आणि त्याच्या मागोमाग उंदीर येतात. इथल्या माणसांना उंदरांबद्दल जे कळतं ते रात्रीची झोप मोडून कळलेलं असतं. या मंडळींचं एका गोष्टीवर एकमत आहे आणि ते मला पुरतं पटलेलं आहे: उंदराला काय आवडतं हे विचारत बसू नये, तो राहतो तिथे त्याला काय कमी पडतंय ते शोधावं.

याचा सगळ्यात चांगला पुरावा मिळाला तो एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात. मे महिना, टिनाचं छप्पर, आत सोयाबीन आणि हरभऱ्याच्या थप्प्या. मालकाने पिंजरे आणले आणि प्रत्येकात भाजलेले फल्लीदाणे ठेवले. उंदीर पिंजऱ्याला वळसा घालून पोती फोडत राहिले. मग खोबऱ्याचा तुकडा झाला, भजी झाली. शेवटी थप्पी लावणारा म्हातारा हमाल म्हणाला, "काय दाणा दावता शेठ? अख्खं गोदाम दाण्यानंच भरलं हाये. पाणी ठेवा, पाणी." दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात टरबुजाची ओली फोड ठेवली आणि रात्रीतून पिंजरे भरले. मालकाने कौतुकाने विचारलं, हे कुठे शिकलात? हमालाने दाराजवळच्या आपल्या माठाकडे बोट दाखवलं. पाझरणाऱ्या माठाखालची ओली माती रोज सकाळी उंदरांच्या पायांनी तुडवलेली असायची. हंगामभर गोदामातल्या उंदरांची पाणपोई त्याच्याच माठाखाली चालली होती.

शास्त्रही हेच सांगतं. मोठ्या उंदराला रोज पाणी लागतं, आणि साठवणीचं धान्य मुद्दाम कोरडं केलेलं असतं. म्हणून धान्याच्या कोठारात ओलं आमिष कोरड्यापेक्षा सरस ठरतं. घरातल्या छोट्या उंदराचं मात्र वेगळं आहे. त्याला दाण्यातल्या ओलाव्यावर बरेच दिवस काढता येतात, त्यामुळे पाण्याच्या वाटीने तो सहसा फसत नाही. आधी लेंड्या पाहाव्यात. तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक असतील तर घरातला छोटा उंदीर, अर्धा इंचाच्या आसपास असतील तर मोठा. पिंजरा कोणता, भोक केवढं बुजवायचं, आमिष कोरडं की ओलं, हे सगळं तिथून ठरतं. मोठ्या उंदरासाठीचा चाप छोट्याला लावला तर तो आमिष खाऊन निघून जातो आणि माणूस चापाला शिव्या देत बसतो.

कापसाच्या घरातला किस्सा याहून रंगतदार आहे. 2022 मध्ये कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आठवणीने पुढच्या हंगामात कितीतरी कास्तकारांनी कापूस विकलाच नाही. राहत्या घरात, पलंगाखाली, देवघरापर्यंत कापूस भरून ठेवला आणि भावाची वाट पाहिली. उंदरांसाठी याहून मोठं सुख नव्हतं. गाद्या तयार आणि गादीच्या आत तेलकट सरकी. अशाच एका घरातल्या काकूंचा मुलगा यवतमाळहून चीजचा तुकडा घेऊन आला, कारण कार्टूनमधला उंदीर चीज खातो. चीजला लाल मुंग्या लागल्या, उंदीर फिरकला नाही. उंदराला मुळात धान्य, तेलबिया आणि गोड पदार्थांची ओढ जास्त. चीजची कथा चित्रांनी मोठी केली.

काकूंनी मग आपल्या पद्धतीने सूत्रं हातात घेतली. पिंजरा भिंतीला लागून ठेवला, आत जवसाचं तेल लावलेला भाकरीचा तुकडा ठेवला आणि दार उघडंच बांधून टाकलं. पहिल्या रात्री तुकडा तसाच राहिला. दुसऱ्या रात्री कुरतडला गेला, तिसऱ्या रात्री फस्त झाला. चौथ्या रात्री काकूंनी दाराची दोरी सोडली आणि सकाळी आत दोन उंदीर होते. ही युक्ती कुणी शिकवली असं विचारलं तेव्हा काकूंनी कापसाच्या ढिगाकडे पाहिलं. "यापाऱ्यानं शिकवली. पह्यल्या दिवशी भाव बरा देते, आपुन खुश होऊन माल नेतो, अन् मंग तो काटा मारते."

कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांमध्ये काकूंची हीच पद्धत पूर्वआमिष म्हणून छापलेली असते: भरडलेलं धान्य 98 भाग, खाण्याचं तेल 2 भाग, विष अजिबात नाही, दोन-तीन दिवस रोज त्याच जागी. कारण पक्कं आहे. उंदराला ओकता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर काढायची सोय नसल्याने तो नव्या वस्तूला घाबरतो आणि नवा घास आधी चिमूटभर चाखून पाहतो. त्या चिमटीने पोट दुखलं आणि तो वाचला, तर ते आमिष तो पुन्हा तोंडाला लावत नाही. एका किराणा दुकानात पहिल्याच रात्री जालीम काळी पूड घातलेलं पीठ ठेवलं गेलं. थोडे उंदीर मेले, बाकीचे आजारी पडून सावरले, आणि पुढे त्या दुकानात पिठाच्या गोळीला उंदीर शिवेनात. मालक महिनाभर सांगत होता की आपल्या औषधाने उंदीर संपले. ते संपले नव्हते, शेजारच्या शिंप्याकडे राहायला गेले होते.

जागेचंही तेच. उंदीर मिशांनी भिंत चाचपत, भिंतीच्या कडेने धावतो. खोलीच्या मध्यावर ठेवलेला चाप माणसाच्या पायाचा अंगठा पकडतो. चाप भिंतीशी काटकोनात ठेवावा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे असावी. आणि टिनाखालच्या फाट्यांवरून धावणाऱ्या काळ्या उंदरासाठी पिंजरा जमिनीवर ठेवू नये. तो वरच बांधावा, जिथे त्याची वाट असते. एका माडीवाल्याने हे ऐकलं, पिंजरा फाट्यावर बांधला आणि पहिल्याच रात्री त्यात अडकलं ते शेजाऱ्याचं मांजर. ते मांजर रोज रात्री त्याच वाटेने येऊन यांच्या दुधावर हात मारत होतं. घरातलं दूध उंदीर नाही तर मांजर पितंय, हा उलगडा पिंजऱ्याने केला.

आता एक शत्रुत्वाची गोष्ट. बाजारपेठेत पाठीला पाठ लावून दोन दुकानं. दोघांचा धंदा एकच, बोलणं बंद. दोघेही उंदीर पकडायचे आणि दोघांनाही मारणं नको वाटायचं, कारण गणपतीचं वाहन. मग पिंजरा उघडायचा कुठे? दुसऱ्याच्या मागच्या दाराशी. हे काम स्वतः करणं शोभत नाही, म्हणून दोघांनीही एकेका पोराला रोजचे पैसे ठरवले. पुढे एकाने संशयाने एका उंदराच्या शेपटीला नेलपॉलिश लावलं. दोन दिवसांनी लाल शेपटीचा तो उंदीर त्याच्याच गल्ल्यामागे दिसला. मग कळलं की पोरगा एकच होता, दोघांकडून पैसे घेत होता, आणि दोघांचेही उंदीर मधल्या नाल्यात सोडून मोकळा होत होता. नाल्यातून ज्याला जिकडे जायचं तिकडे तो जाई.

त्या पोराला हनोईची गोष्ट माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण तो त्याच परंपरेतला. 1902 मध्ये फ्रेंचांनी व्हिएतनाममधल्या हनोईत गटारांतल्या उंदरांवर मोहीम काढली आणि उंदराच्या दर शेपटीमागे इनाम जाहीर केलं. शेपट्यांचे ढीग येऊ लागले. काही दिवसांनी अधिकाऱ्यांना शहरात बिनशेपटीचे, धडधाकट उंदीर फिरताना दिसले. लोक शेपटी कापून उंदीर सोडून देत होते, म्हणजे तो आणखी पिल्लं घालील. पुढे शहराबाहेर चक्क उंदरांची पैदास करणारी ठिकाणं सापडली आणि इनाम बंद करावं लागलं.

मोजणीचा घोळ आपल्याकडेही कमी झालेला नाही. मार्च 2018 मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदरांचा हिशेब मांडला: 3,19,400 उंदीर सात दिवसांत मारल्याची नोंद. राज्यभर हशा पिकला. नेरमधल्या दुकानांतही त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. नंतर खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून ठेवलेल्या विषारी गोळ्यांचा होता. आमच्या दुपारच्या बैठकीतला जुना सेल्समन मात्र हसला नाही. त्याने एकच विचारलं: "गोळ्या ठेवल्या त्या मोजल्या. खाल्लेल्या किती, ते कुणी मोजलं?" मला तो प्रश्न अजूनही सगळ्या प्रकरणातला सगळ्यात शहाणा प्रश्न वाटतो. आमिष ठेवलं म्हणजे काम झालं असं नसतं. सकाळी उठून काय कमी झालं हे पाहणं, हेच काम. शेतात तर याची सोपी रीत आहे. संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच जिवंत, आणि आमिष फक्त तिथे. बांधावरची कितीतरी बिळं ओसाड असतात आणि माणूस त्यांत पैसे ओतत असतो. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक या बाबतीत सरळ होते. काठी आणि टॉर्च घेऊन निघायचं, रात्रीतून तीस उंदरांचं लक्ष्य, आणि सकाळी मेलेले उंदीर प्रत्यक्ष मोजून द्यायचे.

मुंबईची आठवण निघालीच आहे तर पडद्यामागची खरी थोर गोष्ट तिथेच घडली. 1896 च्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला. मांडवी म्हणजे गोदी आणि धान्याची गोदामं, हे इथे लक्षात ठेवावं. हाफकिन यांची लस, पुण्यातला रँडचा वध, हे सगळं शाळेत शिकवलं जातं. ग्लेन लिस्टन या डॉक्टरची गोष्ट कुणी सांगत नाही. प्लेग उंदरावरच्या पिसवांतून पसरतो, असं पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये कराचीत प्रयोग करून मांडलं होतं, पण ते फारसं कुणी मानलं नव्हतं. लिस्टनने मुंबईच्या ज्या चाळीत उंदीर मरून पडले होते तिथे गिनीपिग मोकळे सोडले आणि नंतर त्यांच्या अंगावरून उंदराच्या पिसवा वेचून काढल्या. उंदीर मेल्यावर उपाशी झालेल्या पिसवा जे अंग मिळेल त्यावर चढल्या होत्या. साऱ्या शहरात उंदरांसाठी पिंजरे लागले होते आणि या माणसाने सापळा लावला होता तो पिसवेला, आमिष म्हणून जिवंत जनावर वापरून.

यातून निघणारा धडा आजही लागू आहे. उंदीर घाऊक मारले की पिसवा माणसाकडे वळतात, म्हणून प्लेगच्या भागात आधी बिळांत पिसवांवरचं औषध धुरळतात आणि मग उंदीर. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगसदृश साथ आली, तेव्हा किल्लारीच्या भूकंपानंतर ओस पडलेली घरं, त्यांत राहिलेलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांची चर्चा झाली होती. धान्य सोडून माणूस निघून गेला की घर उंदरांचं होतं.

काउंटरवरच्या सगळ्यात मोठ्या भांडणाचं कारण मात्र प्लेग नसतो, घाई असते. ब्रोमाडिओलोनची वडी घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच दिवशी परत येतो: "एकबी मेला नाही. नकली माल विकता काय?" ही वडी रक्त गोठू देत नाही आणि तिचा परिणाम व्हायला तीनेक दिवसांपासून आठवडाभर लागतो. हा उशीर हीच तिची ताकद आहे. उंदराला खाणं आणि मरण यांचा संबंध लागत नाही, म्हणून बाकीचे घाबरत नाहीत. असाच एक गिऱ्हाईक तावातावाने भांडत होता. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "वडिलांचं बायपास झालं ना तुमच्या? रक्त पातळ व्हायची गोळी कोणती घेतात?" त्याने खिशातून चिठ्ठी काढली. वॉरफरिन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये कुजलेल्या गवताने गाई रक्तस्राव होऊन मरायच्या, त्या कोड्यातून कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत हे द्रव्य निघालं आणि 1948 मध्ये बाजारात आलं ते उंदरांचं विष म्हणून. माणसांचं औषध ते नंतर झालं. ब्रोमाडिओलोन त्याचाच पुढचा, जास्त तीव्र वंशज. वडिलांच्या गोळीचा आणि त्या वडीचा गोत्रसंबंध कळल्यावर गिऱ्हाईक खुर्चीवर बसला. त्याने घरी जाऊन पहिल्यांदा काय केलं असेल तर वडीचं पाकीट वडिलांच्या औषधांच्या डब्यापासून दूर नेऊन कुलपात ठेवलं.

आणि आता जे सांगतोय ते हलकं नाही. यवतमाळ जिल्ह्याला विषाने काय दिलंय हे सांगायची गरज नसावी. 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कर्जाच्या आणि नापिकीच्या बातम्या तर वेगळ्याच. या भागातल्या काउंटरवर अनेक वर्षं उभा राहिलेला तो जुना सेल्समन उंदराचं औषध मागायला आलेल्या माणसाचा चेहरा आधी पाहतो. चेहरा उतरलेला असला, माणूस एकटा असला, उंदीर किती विचारल्यावर उत्तर देत नसला, की हा म्हणतो, "संपलं बापू, माल यायचा हाये." मग चहा मागवतो, बसवून घेतो, पोराबाळांची चौकशी करतो, घरी कुणाला तरी फोन करायला लावतो. निघताना हातात एक पिंजरा देतो, उधारीवर. मागच्या फळीवर पाकिटांची थप्पी तशीच असते. या पिंजऱ्यांची उधारी त्याने कधी वहीत लिहिली नाही, आणि त्यांतले बरेच पिंजरे माणसं स्वतः परत आणून देतात.

म्हणून घरात, पोरं रांगतात तिथे, पहिला मान पिंजऱ्याला आणि चापाला. विष ठेवायचंच तर कुलपाच्या आमिषपेटीत, आणि पाकीट फेकू नये. काही झालंच तर डॉक्टरला पाकीट दाखवायला हवं, कारण ब्रोमाडिओलोनवर व्हिटॅमिन के असतं, दुसऱ्या विषाचा उपचार दुसराच. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. ती ट्यूबमध्ये मिळते आणि मुलांनी तिला टूथपेस्ट समजल्याच्या घटना देशभर घडल्या आहेत.

चिकट पुठ्ठ्याबद्दल माझं मत सरळ आहे: नको. एका मिठाईच्या दुकानात रात्री पुठ्ठा लावला आणि सकाळी त्यावर पाल, दोन सरडे आणि एक चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती किडे खाणारी, तिचा वंश वेगळा, आणि तिच्या वासामुळे तिला उगाच मार बसतो. मालकाने पुठ्ठा गुंडाळून फेकला. पंधरवड्याने त्याच दुकानात झुरळं इतकी वाढली की गिऱ्हाईक कुजबुजू लागलं. रात्रभर काउंटरखाली झुरळं खाणारे सगळे पहारेकरी त्याने एका रात्रीत पुठ्ठ्याला चिकटवून टाकले होते. पुठ्ठ्यावरचा जीव मरायला तासन् तास घेतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने राज्यांना यावर रोख आणायला सांगितलं आहे, आणि इंग्लंडने 2022 मध्ये यासाठी कायदाच केला. चुकून काही अडकलंच तर खाण्याचं तेल हळूहळू सोडलं की जीव सुटतो.

झुरळांच्या लढाईतही पडद्यामागे भांडणंच. बसस्टँडजवळच्या एका खानावळीत दिवसाच्या पाळीचा पोरगा ओट्याच्या फटींत जेलचे ठिपके लावायचा आणि रात्रीच्या पाळीचा पोरगा त्याच ओट्यावर फवारा मारायचा. दोघंही मालकासमोर आपली कर्तबगारी सांगायचे. झुरळं कमी होईनात. फवाऱ्याच्या वासाने झुरळ त्या जागेवरूनच पळतं, मग जेल खाणार कोण? मालकाने फवारा बंद केला आणि आठवड्यात फरक दिसला. जेल खाल्लेलं झुरळ बिळात जाऊन मरतं, त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग बाकीची झुरळं खातात आणि एका ठिपक्यात कितीतरी जातात. श्रेय मात्र रात्रीच्या पोराने घेतलं, कारण फवारा बंद करायचं त्यालाच सांगितलं होतं.

आपल्या घरातली बोरिक पावडर, कणीक, साखर आणि दुधाची गोळी आजही काम करते. फक्त ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा फटीत हवी. साखरेबद्दल एक नवल ऐकून ठेवा. अमेरिकेत गोड आमिषांचा इतका मारा झाला की घरातल्या छोट्या तपकिरी झुरळांच्या काही पिढ्यांना ग्लुकोज कडू लागू लागलं. ज्युल्स सिल्व्हरमन यांनी हे नव्वदच्या दशकात टिपलं आणि 2013 मध्ये त्याचं कारण झुरळाच्या चवीच्या पेशींत सापडलं. गोड नाकारणारी झुरळं वाचली आणि तीच वाढली. एकच आमिष वर्षानुवर्षं वापरू नये. मुंग्यांच्या बाबतीत तर जहाल आमिष हाच पराभव. साखरपाण्यात बोरिक पावडर जास्त पडली की मजूर मुंग्या वाटेतच मरतात आणि राणीपर्यंत घास पोचत नाही. कमी घातलेलीच बरी.

शेतातल्या कामगंध सापळ्यांची गंमत वेगळी. गुलाबी बोंडअळीच्या मादीच्या गंधासारखी वडी त्यात टांगायची, की नर पतंग येऊन पिशवीत अडकतात. हेक्टरी पाच सापळे निगराणीसाठी. एका शेतकऱ्याने ते मोठ्या हौशीने लावले आणि रोज सकाळी पतंग झटकून मोकळा व्हायचा. मोजले एकदाही नाहीत. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग दिसले की उपाय करायची वेळ आली, एवढं सांगायलाच तो सापळा असतो. दुसऱ्या एकाने वडी तंबाखू मळलेल्या हाताने लावली आणि वर्षभर सापळ्याच्या कंपनीला दोष दिला. पण सगळ्यात भारी तो तिसरा. त्याने उन्हाळ्यात, शेतात कपाशीचं पान नसताना, रिकामा सापळा घराच्या आडोशाला टांगून ठेवला होता, वडी तशीच. त्यात पतंग सापडू लागले. अळी शेतात नव्हतीच. ती अंगणातल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात, वाळलेल्या बोंडांत मुक्काम करून होती, आणि त्या पऱ्हाट्यांवर त्याच घरची चूल पेटत होती.

गंधाच्या आमिषाची आपल्या जिल्ह्यातली सगळ्यात गाजलेली गोष्ट अर्थात अवनीची, म्हणजे टी-1 वाघिणीची. 2018 मध्ये पांढरकवडा भागात तिला कॅमेऱ्यांपुढे आणण्यासाठी वन विभागाने एका विदेशी कंपनीचं पुरुषांचं अत्तर वापरलं. त्यात जवादी मांजराच्या गंधासारखं सिव्हेटोन असतं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात मोठ्या मांजरांवर अत्तरांची चाचणी झाली होती, तिथून ही कल्पना आली. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात वाघीण गोळीने मेली आणि वाद उसळला, तो सगळ्यांना ठाऊक आहे. नेरच्या बैठकीत तेव्हा अत्तरावरच बोलणं रंगलं होतं. जनावराच्या नाकाला जे कळतं ते माणसाच्या नाकाला कळत नाही, यावर सगळ्यांचं एकमत झालं. पिंजऱ्याला लागलेला साबणाचा वास धुऊन काढायला किती लोकांना आठवतं, हे त्या हमालाने विचारलं तेव्हा सगळे गप्प झाले.

तेव्हा या हंगामात हरभरा किंवा कापूस घरात ठेवणार असाल तर एवढं करा. माल यायच्या आधीच करंगळी जाईल एवढी सगळी भोकं सिमेंटने बुजवा. बारीक उंदराला तेवढी जागाही पुरते. पिंजरा साध्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, दार बांधून भिंतीला लावा आणि त्यात मालापेक्षा वेगळं काहीतरी ठेवा. दोरी तिसऱ्या रात्रीनंतर सोडा. आणि विषाच्या पाकिटासाठी काउंटरवर कधी गेलातच, तर आधी दुकानदाराला पिंजरा मागा. बहुतेक दुकानांत तो असतो, मागच्या बाजूला, धूळ खात.